ताकद वाढवली, तापाचे काय? वेगवान गाडीसाठी रेडिएटरची निवड आणि बसवणी

मे महिन्याच्या दुपारी कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे एकेकाळी नेहमीचे दृश्य होते. कारखान्यातून आलेल्या आजच्या गाडीवर अशी वेळ सहसा येत नाही. ती येते प्रामुख्याने दोन प्रकारच्या गाड्यांवर. एक, जिच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाले आहे ती. आणि दुसरी, जिच्या मालकाने हौसेने टर्बो बसवून, संगणकीय ट्यूनिंग करून इंजिनाची ताकद वाढवली आहे, पण त्या ताकदीबरोबर येणाऱ्या उष्णतेचा विचार केलेला नाही ती. इंजिन एकदा मर्यादेबाहेर तापले, की हेड गॅसकेट उडते, ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि हजारांतला खर्च लाखांत जातो. म्हणूनच बाजारात मिळणारा मोठा रेडिएटर बसवावा का, कोणता घ्यावा आणि तो कसा बसवावा, याची माहिती हौशी गाडीमालकाला असणे आवश्यक आहे.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा, की इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश प्रत्यक्ष कामास येते, एक तृतीयांश धुरावाटे निघून जाते आणि जवळपास उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने कूलंट व तेलात उतरते. म्हणजे १५० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात धावत असताना सुमारे १०० किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याचे काम शीतन यंत्रणेला करावे लागते. घरातला साधा गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे पन्नास गिझर एकाच वेळी चालू असल्याची कल्पना करावी. सुदैवाने रस्त्यावर पूर्ण जोर काही सेकंदांपुरताच लागतो. रेस ट्रॅकवर किंवा लांबलचक चढावर मात्र तो मिनिटामिनिटांनी लागत राहतो आणि रेडिएटरची खरी परीक्षा तेथेच होते.

हवामानाचाही वाटा मोठा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २७ अंशांवर असेल, तर फरक ६८ अंशांचा पडतो. तीच गाडी उन्हाळ्यात ४२ अंशांच्या हवेत चालवली, तर फरक ५३ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर विदर्भातल्या उन्हात वीस टक्क्यांहून अधिक दुबळा होतो. थंड देशांतील हौशी चालकांचा अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोठा रेडिएटर बसवल्याने गाडी नेहमीपेक्षा ‘थंड’ चालत नाही. इंजिनाचे किमान तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. तो बहुधा ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. त्याखाली तापमान नेणे मोठ्या रेडिएटरचे काम नाही. संकटाच्या वेळी लागणारी राखीव क्षमता तो वाढवतो, एवढेच. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजमध्ये आजही दिला जातो. तो मानू नये. इंजिन कायम थंड राहिले, तर संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, तेल पुरेसे तापत नाही आणि झीज वाढते.

आधी निदान, मग खरेदी

गाडी तापते म्हणून रेडिएटर बदलावा, हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा ठरतो. गाडी केव्हा तापते, यात अर्धे उत्तर दडलेले असते. वाहतूक कोंडीत काटा वर चढत असेल आणि गाडी पळू लागताच खाली येत असेल, तर दोष बहुधा पंख्यात, त्याच्या रिलेमध्ये किंवा तापमानाच्या स्विचमध्ये असतो. नवा रेडिएटर तेथे काही करू शकत नाही. याउलट कोंडीत गाडी शांत आणि घाटात किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटरची क्षमता अपुरी आहे, जाळी आतून क्षाराने वा बाहेरून चिखलाने बुजली आहे, किंवा पंपाच्या ओढीने खालचा होज पाइप चपटा होत आहे, असा संशय घ्यावा.

झाकण ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ते यंत्रणेत दाब राखते आणि दाबामुळे उत्कलनबिंदू वाढतो. साधे पाणी १०० अंशांवर उकळते, १.१ बार दाबाच्या झाकणाखाली ते सुमारे १२२ अंशांवर उकळते. झाकणाची स्प्रिंग वा रबर सैल झाले, की ही सारी सुरक्षितता नाहीशी होते. मात्र क्षमता वाढावी म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा फार जास्त दाबाचे झाकण लावणेही धोक्याचे. जुने होज आणि हीटरची छोटी जाळी तो ताण सोसतीलच असे नाही.

हेड गॅसकेट आधीच गेलेले असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळतो आणि बुडबुडे येऊ लागतात. त्यासाठी एक सोपी रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळा द्राव असलेली नळी धरतात. ज्वलनवायू असल्यास द्राव पिवळा पडतो. ही चाचणी न करता नवा रेडिएटर बसवणे म्हणजे रोग सोडून औषध बदलण्यासारखे आहे.

डॅशबोर्डवरील काट्यावरही पूर्ण विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत चालक घाबरू नये म्हणून काटा मोठ्या टप्प्यात मध्यभागीच स्थिर ठेवलेला असतो. तो हलू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्ट असलेल्या गाडीत छोटे वाचक-यंत्र लावून खरे तापमान अंशांत पाहता येते. जुन्या गाडीत स्वतंत्र मीटर बसवावा.

तांबे, प्लॅस्टिक की संपूर्ण ॲल्युमिनियम?

जुने रेडिएटर तांब्याच्या पट्ट्या आणि पितळी नळ्यांचे असत. ते जड, पण कोणत्याही रेडिएटरवाल्याकडे डाग देऊन दुरुस्त होणारे. आजच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्या दोन टोकांना चिमटून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. हा रेडिएटर हलका आणि स्वस्त असतो, आणि साध्या वापरात वर्षानुवर्षे टिकतो. परंतु उष्णता आणि दाब यांच्या माऱ्याने प्लॅस्टिक ठिसूळ होत जाते. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ मध्ये आलेली छोटी स्पोर्ट्स कार याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या पहिल्या पिढीच्या रेडिएटरची काळी टाकी वयानुसार तपकिरी, हिरवट होऊ लागली, की मालक ती फुटण्याची वाट न पाहता बदलतात. रंग हाच तेथे इशारा असतो.

हौशी मंडळी निवडतात तो तिसरा प्रकार, म्हणजे जाळी आणि टाक्या दोन्ही ॲल्युमिनियमच्या, आर्गॉन वेल्डिंगने जोडलेल्या. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमहून बरीच जास्त असताना ॲल्युमिनियम का, असा प्रश्न कोणी विचारील. ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते आणि त्याच्या नळ्या रुंद करता येतात. रुंद नळीचा पट्टीशी संपर्क जास्त येतो. तांब्याच्या रेडिएटरमध्ये मात्र अरुंद नळ्या आणि मध्ये डागाचा थर यांमुळे धातूचा मूळ फायदा बराचसा वाया जातो. म्हणूनच ‘जुन्या रेडिएटरला चार रो होत्या, नव्याला दोनच’ ही तुलना फसवी आहे. नळीची रुंदी विचारात न घेता नुसत्या रो मोजण्याला अर्थ नाही.

खरेदी करताना वेल्डिंगची शिवण एकसारखी आहे का, ते पाहावे. जाळी आणि टाकी यांच्या सांध्यावर राळेचे लिंपण दिसले, तर तो माल टाळावा. ते गळती झाकण्यासाठी केलेले असू शकते. विक्रेता दाब चाचणीची हमी देतो का, हेही विचारून घ्यावे.

जाडीचा मोह

कारखान्यातील जाळी साधारण १६ ते २७ मिलिमीटर जाड असते. बाजारात ३६, ४२, ५० मिलिमीटरच्याही मिळतात. जितकी जाड तितकी चांगली, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. हवा जाळीच्या पुढच्या भागातून जातानाच तापते, आणि मागच्या भागाला ती तापलेलीच मिळते. शिवाय जाडी वाढली, की हवेला अडथळा वाढतो. कोंडीत फक्त पंख्याच्या जोरावर हवा खेचायची असते, तेव्हा जास्त जाड आणि दाट पट्ट्यांचा रेडिएटर मूळ रेडिएटरपेक्षाही वाईट वागू शकतो.

त्यामुळे क्रम असा ठेवावा : प्रथम समोरचे क्षेत्रफळ वाढवता येते का ते पाहावे, मग हवेचा मार्ग सुधारावा आणि शेवटी जाडी वाढवावी. ट्रॅकवर न जाणाऱ्या, केवळ ताकद थोडी वाढवलेल्या गाडीला ३६ ते ४२ मिलिमीटरची चांगली जाळी बहुधा पुरेशी ठरते.

कधी कधी दोष रेडिएटरपलीकडे असतो. एमएक्स-५ चे इंजिन मूळचे पुढची चाके चालवणाऱ्या ३२३ मोटारीच्या घराण्यातले. नव्या गाडीत ते उभे बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला, पंपाच्याच बाजूला आला. परिणामी मागच्या सिलिंडरकडे कूलंटचा प्रवाह कमी पडतो. ट्रॅकवर धावणाऱ्या किंवा टर्बो लावलेल्या गाड्यांत म्हणूनच मालक कूलंटचा मार्ग बदलून तो इंजिनाच्या मागच्या टोकातून बाहेर काढतात. अशा ठिकाणी नुसता मोठा रेडिएटर लावून मूळ असमतोल जात नाही.

हवेला वाट

हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट असली, तरी ती जाळीतून जाण्याऐवजी तेथून निसटते. बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी उष्णता सोसणाऱ्या फोमने किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण ‘उगाच आवाज करते’ म्हणून काढून टाकणारेही पुष्कळ. त्या आवरणामुळे रेडिएटरच्या मागे दाब कमी राहतो आणि हवा ओढली जाते. ते परत बसवल्याने तापमान उतरल्याचे अनेकदा दिसते. मोठा इंटरकूलर, ऑइल कूलर, जादा दिवे आणि हॉर्न हे सारे जाळीपुढे रांगेने लावले, तर रेडिएटरला उरतेच काय, याचाही विचार व्हावा.

पंख्याभोवतीचे आवरण, म्हणजे श्राउड, शोभेची वस्तू नव्हे. ६० बाय ३५ सेंटिमीटरच्या जाळीचे क्षेत्रफळ २,१०० चौरस सेंटिमीटर होते, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याचे सुमारे ७००. श्राउड नसेल, तर असा पंखा जाळीच्या केवळ एक तृतीयांश भागातूनच हवा ओढतो. पंखा जाळीच्या मागे, हवा खेचणारा असावा. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा थेट बांधण्याची सोपी युक्ती टाळावी. कंपनांनी नळ्या घासून भोके पडतात. पंखा बदलला, तर रिले, योग्य फ्यूज आणि पुरेशा जाडीची तार हवीच.

मागवण्यापूर्वीची मोजमापे

आपल्या गाडीचे नेमके मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्स विक्रेत्याला सांगावा. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बऱ्याच गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरच्या टाकीतच थंड होते. त्या जोडण्या नसलेला रेडिएटर घेतला, तर स्वतंत्र ऑइल कूलर लावावा लागतो. वरच्या-खालच्या होजची बाजू व व्यास, पंख्याच्या स्विचचे छिद्र, खालच्या खुंट्या आणि वरचे कंस हे सारे जुन्याशी ताडून पाहावे. जाड जाळी मागे सरकते, म्हणून पंख्याची मोटर आणि इंजिनाची पुली यांत किमान दोन बोटांचे अंतर राहायला हवे. जोर दिल्यावर इंजिन आपल्या रबरी बैठकीवर हलते, हे विसरू नये. जागा करण्यासाठी बंपरमागचा लोखंडी आडवा दांडा किंवा चासीचा भाग कापणे सर्वथा वर्ज्य मानावे. अपघातात तोच आपला जीव वाचवत असतो.

बसवणी

अनुभवी माणसाला हे काम तीन-चार तासांचे. पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण दिवस राखून ठेवावा. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे कूलंट झाकण उघडताच वाफ होऊन उसळते आणि चेहरा, हात गंभीरपणे भाजतात. पुढचा क्रम असा ठेवावा :

१. बॅटरीची ऋण तार काढावी. गाडी सपाट जागी जॅकस्टँडवर पक्की उभी करावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये.

२. कूलंट स्वच्छ भांड्यात काढून मोजावे. नंतर किती भरायचे, याचा अंदाज त्यावरून येतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोडसर असते. लहान मुले आणि कुत्री-मांजरी त्यापासून दूर ठेवावीत व ते गटारात ओतू नये.

३. होज, पंखा व वायरिंग सोडवावे. वातानुकूलनाचा कंडेन्सर रेडिएटरपासून अलगद सुटा करून तारेने बांधून ठेवावा. त्याच्या नळ्या उघडू नयेत. त्यातला वायू निघून गेला, की तो पुन्हा भरण्याचा वेगळा खर्च येतो.

४. जुना रेडिएटर काढल्यावर कंडेन्सरच्या पट्ट्यांतील धूळ, पाने व किडे हलक्या पाण्याने धुवावेत. होज, क्लिपा आणि थर्मोस्टॅट जुने असतील तर याच वेळी बदलावेत.

५. इंजिन व हीटर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे, म्हणजे जुना गाळ नव्या जाळीत येणार नाही.

६. नवा रेडिएटर रबरी बैठकांवरच बसवावा. धातूवर धातू घट्ट आवळला, तर कंपनांनी वेल्डिंग तडकते. ॲल्युमिनियमचे आटे नाजूक असल्याने निचऱ्याचा बोल्ट आणि स्विच आधी हातानेच फिरवावेत.

७. पंखा हाताने फिरवून कोठे घासत नाही ना, हे पाहावे. बॉनेट हळूच खाली आणून वर पुरेशी जागा असल्याची खात्री करावी.

विजेचा एक सूक्ष्म धोका येथे सांगायला हवा. अर्थिंग खराब असेल, तर प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि नवीकोरी जाळी काही महिन्यांत आतून पोखरली जाते. म्हणून पंख्याची अर्थिंग रेडिएटरला कधीही जोडू नये. पुढे कूलंट भरल्यावर मल्टिमीटरची काळी टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल टोचणी धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवावी. दिवे, पंखा चालू असताना ०.३ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला, तर अर्थिंगची तारन् तार तपासावी.

कूलंट आणि हवा काढणे

नळाचे, त्यातही बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार नळ्यांत बसतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खातात. डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जातीचे कूलंट यांचे मिश्रण करावे. निरनिराळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत. रंग हा जातीचा भरवशाचा पुरावा नव्हे. पन्नास टक्के मिश्रण साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंशांवर उकळते, पण उष्णता वाहून नेण्यात ते शुद्ध पाण्यापेक्षा कमी पडते. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नसलेल्या भागात कूलंटचे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत खाली आणता येते, मात्र कंपनीने दिलेल्या मर्यादेतच. गंजरोधक द्रव्ये कूलंटमध्ये असल्याने नुसते पाणी कायम ठेवणे हा पर्याय नव्हे.

भरताना गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन थंड असतानाच चालू करावे. थर्मोस्टॅट उघडला, की पातळी एकदम खाली जाते; ती भरत राहावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून बुडबुड्यांविना धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. पंखा किमान दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सतत गरम हवा आली, म्हणजे काम झाले. त्यानंतर दाबाच्या हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन पंधरा मिनिटे काटा स्थिर राहतो का, हे पाहावे.

पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा आवळाव्यात आणि पातळी पाहावी. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही हे करावे. पहिली फेरी गावातली, दुसरी महामार्गावरची आणि तिसरी घाटातली, असा क्रम ठेवून प्रत्येक वेळचे तापमान लिहून ठेवल्यास बदलाचा खरा फायदा आकड्यांत कळतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, असा फेरफार करण्यास मनाई आहे. रेडिएटरचा आकार त्या प्रमाणपत्रात नोंदवलेला नसतो. मात्र ज्या टर्बोसाठी किंवा इंजिनबदलासाठी तो मोठा रेडिएटर घेतला, त्यांचा प्रश्न निराळा. विमा कंपनीला फेरफाराची लेखी कल्पना द्यावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात.

आणि इतके करूनही काटा चढलाच तर? वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण चालू करावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. गरम धातूला तडा जाऊ शकतो. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणून रेटलेले ते दोन किलोमीटरच बहुतेक इंजिनांचा घात करतात. रेडिएटर कितीही भारी असला, तरी चालकाने वेळेवर किल्ली फिरवून गाडी बंद करणे, याला पर्याय नाही.